दुसऱ्याच्या तासाला मागे बसून मेंटॉरने नेमकं करायचं काय?

गुणिले_बारा
पुढच्या सत्रापासून माझे आठवड्याचे तास २८ वरून १८ होणार आहेत. मोकळ्या झालेल्या १० तासांत सहा नव्या शिक्षकांचा मेंटॉर म्हणून काम करायचं आहे. तास ४० मिनिटांचा, विषय मुख्यतः गणित. शिकवण्याची सवय आहे, पण दुसऱ्याच्या वर्गात मागच्या बाकावर बसून काय लिहायचं आणि नंतर काय बोलायचं, हे कुणी शिकवलेलं नाही. 'आवाज स्पष्ट, फलकलेखन सुबक, वेळेचे नियोजन हवे' असल्या शेऱ्यांनी कुणाचं शिकवणं सुधारेल असं वाटत नाही.

शंका तीन. नोंद कशाची करायची? चूक दिसली तर तिथेच बोलायचं का? आणि मुख्याध्यापक म्हणतात, "कोण कसं आहे ते अधूनमधून कळवत राहा." त्यांना काय सांगायचं?

टिपणवही
पहिल्या शंकेपुरतं लिहिते. कागदाचे तीन रकाने करा: वेळ, शिक्षक काय बोलले किंवा त्यांनी काय केलं, मुलं काय बोलली किंवा त्यांनी काय केलं. विशेषण एकही नको, जे कानावर पडलं ते जसंच्या तसं. उदाहरणार्थ:

१०:१४. शिक्षक: "२/३ अधिक १/४ किती?" (१ सेकंद) "बोला, बोला." पहिल्या बाकावरून: "३/७." शिक्षक: "चूक. दुसरं कोण?" खिडकीकडून: "११/१२." शिक्षक: "शाब्बास. कळलं ना सगळ्यांना?" वर्ग: "होऽऽ."

यावर कुणीही 'प्रश्नोत्तरे चांगली' असा शेरा मारून मोकळं होईल. पण या अर्ध्या मिनिटात तीन गोष्टी घडल्यात. विचार करायला एकच सेकंद मिळाला. ३/७ कुठून आलं, म्हणजे अंशात अंश नि छेदात छेद मिळवला गेला, हे उघड न होताच उत्तर बाजूला पडलं. आणि 'होऽऽ'वरून कुणाला कळलं हे कळत नाही. सेकंद मोजण्याला कारण आहे. अमेरिकन शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या सुमारास वर्गांची ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा प्रश्नानंतर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात असं दिसलं. तोच वेळ ३ सेकंद किंवा जास्त झाला की उत्तरं लांबतात आणि गप्प बसणं कमी होतं.

सोबत बाकांचा नकाशा काढा आणि ज्याला प्रश्न गेला त्याच्या चौकोनात एक काडी मारा. तासाच्या शेवटी काड्या बहुतेक पुढे आणि मधल्या रांगेत साचलेल्या दिसतात. हा कागद पाहिल्यावर शिक्षकाला काही समजावून सांगावं लागत नाही.

आदल्या दिवशी १०–१५ मिनिटं बोलणं मात्र चुकवू नका. तास संपल्यावर मुलांना काय जमायला हवं, ती कुठे अडखळतील, आणि मी कशाकडे लक्ष ठेवू? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर शिक्षकानेच द्यायचं. न विचारता गेलात तर तुम्ही तपासणीलाच आलात असं ते धरून चालतात, आणि ठेवणीतला पाठ काढतात.

शेवटचं_बाक
टिपणवही यांच्याशी बहुतांशी सहमत. एकच भर: नोंदीचं साधन प्रश्नाप्रमाणे बदला. 'मी फार बोलतो का' एवढंच पाहायचं असेल तर शब्दन् शब्द लिहिणं म्हणजे हात मोडून घेणं. त्यापेक्षा वर्गात कोण किती बोलतं हे मोजायची, नेड फ्लँडर्स या अमेरिकन संशोधकाची पद्धत घ्या. दर ३ सेकंदांनी एक आकडा: १ ते ७ शिक्षकाचं बोलणं, ८ आणि ९ मुलांचं, १० म्हणजे शांतता किंवा गोंधळ. दहा मिनिटांत २०० नोंदी होतात. त्यातल्या दीडशे १ ते ७ मध्ये असल्या तर उत्तर समोरच आहे. मर्यादाही तेवढीच उघड आहे. बोलणं मोजलं जातं, त्यातलं गणित नाही.

आता तासानंतरच्या चर्चेचं. शक्यतो २४ तासांच्या आत, अर्धा तास. आधी कागद त्यांच्या हातात द्या आणि विचारा, "१०:१४ ते १०:१९ मध्ये तुम्हाला काय दिसतं?" मग गप्प बसा. मेंटॉरसुद्धा एका सेकंदात स्वतःच उत्तर देऊन टाकतो! 'मी असतो तर' हे तीन शब्द वर्ज्य. दोन कौतुकांच्या मध्ये एक चूक दडवून सांगायची पद्धतही सोडा, लोक कौतुक ऐकतानाच 'पण' कधी येतो याची वाट पाहतात.

एका फेरीत एकच बदल ठरवा, आणि तो उद्या करता येईल इतका लहान हवा. 'सहभाग वाढवा' हा सल्ला नाही. 'आधी प्रश्न, मग मनात तीन आकडे, मग नाव' हा सल्ला आहे. नाव आधी घेतलं की बाकीचे सगळे सुटतात.

ठरलं की तिथेच सराव. तुम्ही मूल व्हा आणि म्हणा, "३/७." शिक्षक फळ्याजवळ उभे राहून प्रतिसाद देतील. "हे कसं काढलंस?" असं त्यांनी विचारलं तर उत्तम. त्यापुढे, "३/७ अर्ध्यापेक्षा कमी की जास्त? आणि २/३?" मिळवल्यावर संख्या लहान कशी झाली, हे कोडं मुलासमोर ठेवणं 'चूक' म्हणण्यापेक्षा कितीतरी पटीने कामाचं. हा पाच मिनिटांचा सराव लोकांना अवघडल्यासारखा वाटतो म्हणून गाळला जातो, आणि मग चर्चेत पटलेलं वर्गात उतरत नाही.

मध्येच बोलू नका. फळ्यावर गणितच चुकलं असेल तर आधी ठरवलेली खूण करा किंवा वही तपासत फिरताना हळूच चिठ्ठी द्या. तेही जमलं नाही तर दुसऱ्या दिवशी शिक्षकानेच मुलांसमोर दुरुस्ती करावी.

वेळापत्रकवाले
कुणी हिशेब मांडला नाही म्हणून. पूर्वचर्चा १५, तास ४०, नंतरची चर्चा ३०, टिपण नीट करायला २०: एका शिक्षकामागे १०५ मिनिटं, सहांचे ६३०. तुमच्याकडे आठवड्याला ४०० मिनिटं आहेत. म्हणजे दर आठवड्याला सगळ्यांकडे जाणं शक्य नाही, दोन आठवड्यांची फेरी बसते आणि १७० मिनिटं उरतात. ती अडलेल्या एखाद्या शिक्षकाकडे दुसऱ्यांदा जायला ठेवा.

खरी अडचण मिनिटांची नाही, जुळण्याची आहे. तुम्ही मोकळे असताना त्यांचा वर्ग हवा, आणि नंतर दोघंही मोकळे हवेत. वेळापत्रक छापण्याआधी ही मागणी गेली पाहिजे. दुसरं, गैरहजर शिक्षकांचे बदली तास सर्वात आधी मेंटॉरच्या गळ्यात पडतात. आठवड्याला जास्तीत जास्त एक, असं लेखी घ्या. नाहीतर महिन्याभरात हे दहा तास कागदावरच राहतील.

मुख्याध्यापकांना कोणाकडे, कधी, किती वेळा गेलात आणि कोणत्या विषयावर काम चाललंय, एवढंच सांगायचं. मूळ टिपण शिक्षकाकडे राहील. मूल्यमापन करायचंच असेल तर ते दुसऱ्या कुणी, स्वतः तासाला बसून करावं. अपवाद एकच, मुलांना मारणं, अपमान किंवा धोका. ते त्याच दिवशी कळवलं जाईल, हे शिक्षकांना पहिल्याच भेटीत सांगून टाका.

गुणिले_बारा
आभार. आणखी एक: मी स्वतः पाठ घेऊन दाखवला तर?

टिपणवही
दाखवा, पण मोकळ्या हाताने बसवू नका. नवखा माणूस सगळंच बघतो आणि हाती काहीच लागत नाही. 'चुकीच्या उत्तरानंतरचं पुढचं वाक्य लिहा' एवढं एकच काम द्या. त्याहून बरं म्हणजे तास वाटून घेणं, पहिली १५ मिनिटं तुमची, तोच भाग समांतर तुकडीवर त्यांचा. मोबाइलवर ध्वनिमुद्रण केलं तरी सेकंद मोजायला पुरतं. चित्रीकरण असेल तर आधी परवानगी, आणि चर्चेत पाचच मिनिटांचा तुकडा बघा. अख्खा तास लावला की माणूस स्वतःचा आवाज आणि कपडेच बघत बसतो.