मदत हवी आहे: आरसी स्वच्छ दिसतेय, पण गाडी 'टोटल लॉस' झालेली आहे का हे कुठे कळेल?

घाटमाथा_पुणे
नमस्कार मंडळी. बायकोला ऑफिसला जायला सेकंडहँड गाडी बघतोय. पुण्यातल्या एका एजंटकडे २०१९ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, एमएच ०८ (रत्नागिरी) पासिंग. रनिंग कमी, आतून चकाचक, भाव बाजारापेक्षा बराच खाली. पहिला मालक चिपळूणचा. दुसऱ्याने २०२१ च्या दिवाळीत घेतली म्हणे. आता चिपळुणात वाशिष्ठी नदीचा पूर आला २२ जुलै २०२१ ला. दोन वर्षांची गाडी पुरानंतर तीन-साडेतीन महिन्यांत का विकली असेल? इथे पाल चुकचुकली.

एमपरिवाहन या सरकारी ॲपवर नंबर टाकून पाहिलं. आरसी ॲक्टिव्ह, ब्लॅकलिस्टमध्ये नाही, पीयूसी चालू. फायनान्सरच्या रकान्यात मात्र एका बँकेचं नाव आहे. एजंट म्हणतो, "कर्ज फिटलंय साहेब, बोजा (आरसीवरची कर्जाची नोंद) उतरवायचा राहिलाय फक्त." त्याने जुन्या कागदांचे फोटो पाठवलेत, त्यात सगळ्यात जुनी पॉलिसी डिसेंबर २०२१ ची आहे, फक्त थर्ड पार्टी.

विमा कंपनीने गाडी निकालात काढली होती का, हे सरकारी नोंदीत कुठे दिसतं का? आणि बोज्याचं काय करायचं? टोकन अजून दिलेलं नाही.

सिडनीकर
आमच्याकडे हे सोपं आहे. पीपीएसआर नावाच्या सरकारी रजिस्टरवर दोन डॉलर भरून चेसिस नंबर टाकायचा. कर्ज, चोरी आणि राइट-ऑफ (म्हणजे तुमचा टोटल लॉस) तिन्ही एका कागदावर येतं. राइट-ऑफचेही दोन प्रकार, एक परत कधीच रस्त्यावर येऊ शकत नाही असा आणि दुसरा दुरुस्त होण्याजोगा. आमच्या न्यू साउथ वेल्समध्ये तर २०११ पासून दुसऱ्या प्रकारालाही, थोडे अपवाद सोडले तर, पुन्हा नोंदणी मिळत नाही. भारतात असं काही आहे का, मलाही उत्सुकता आहे.

गॅरेजवाले_काका
नाही. निदान तुम्हाआम्हाला बघता येईल असं नाही. वाहन पोर्टलवर मालक कितवा, फायनान्सर कोण, विमा कधीपर्यंत, एवढं कळतं. क्लेमचा इतिहास तिथे नसतो, तो विमा कंपनीच्या फायलीत असतो.

होतं कसं ते सांगतो. दुरुस्तीचा अंदाज आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांच्या वर गेला की सर्व्हेअर टोटल लॉस धरतो. इंजिनात आणि वायरिंगमध्ये पुराचं पाणी गेलं की हा आकडा गाठायला वेळ लागत नाही. मग कंपनी पैसे देते आणि सॅल्व्हेज (ती खराब झालेली गाडी) कुणीतरी भंगाराच्या भावात उचलतो, किंवा मालकच ते ठेवून घेतो आणि तेवढी रक्कम क्लेममधून वजा होते. आरसी मात्र जिवंतच राहते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ मध्ये गाडी कायमची निकामी झाली तर १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसी जमा करा असं आहे, पण विम्याच्या हिशोबात संपलेली गाडी धुऊन-पुसून पुन्हा चालते. ती 'कायमची निकामी' म्हणायला कोण जाईल? म्हणून तुमचं 'ॲक्टिव्ह' हे फक्त नोंदणीचं प्रमाणपत्र आहे. गाडीच्या तब्येतीबद्दल ते काही सांगत नाही.

आता तुमच्या त्या पॉलिसीकडे नीट बघा. सप्टेंबर २०१८ नंतरच्या नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सुरुवातीलाच घ्यावा लागतो. गाडी २०१९ ची, म्हणजे तो २०२२ पर्यंत चालायला हवा. मग डिसेंबर २०२१ मध्ये नव्याने थर्ड पार्टी कशाला काढली? टोटल लॉस दिला की मूळ पॉलिसी तिथेच बंद होते. कधीकधी नवा मालक जुनी पॉलिसी नावावर करून घेण्याऐवजी सरळ नवी काढतो, त्यामुळे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण २०१९ ची मूळ पॉलिसी बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

लाल_माती
चिपळूणचाच आहे. त्या वेळी बाजारपेठेत गाड्यांच्या टपापर्यंत पाणी होतं. सगळ्यांनी फसवून विकल्या असं नाही हो, पण पुढे तिसऱ्या-चौथ्या हातात गेल्यावर पुराचं नाव कोण काढतंय!

गाडी बघायला जाल तेव्हा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. आतला भाग कुणी धूत नाही, तिथे चिखलाची रेघ सापडते. सीटखालच्या रुळांचे बोल्ट, स्टेपनीचा खड्डा आणि डॅशबोर्डखालच्या वायरींचे कनेक्टर टॉर्च मारून बघा, मऊ पिवळट गाळ बसलेला असतो. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझला पाहिजे. लागलाच नाही तर कुणीतरी त्याची वायर कापलेली असू शकते.

अर्ज_नमुना_३०
बोज्याबद्दल: तोंडी 'फिटलंय' याला अर्थ नाही. बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि फॉर्म ३५ देऊन विक्रेत्याने आधी आरसीवरून बँकेचं नाव काढून घ्यायचं, मगच मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या. उलट क्रमाने केलंत तर ट्रान्सफर अडकतो आणि एजंट फोन उचलत नाही.

शिवाय एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग) साइटवरून वाहनाची एनओसी काढा, चोरीच्या नोंदींशी नंबर ताडून मिळतो. पूरग्रस्त गाडीत हे कशाला, असं वाटेल. पण सॅल्व्हेजच्या आरसीला भाव असतो तो कागदासाठी. तोच चेसिस नंबर दुसऱ्या चोरीच्या गाडीवर ठोकतात. आरसीवरचा नंबर गाडीवरच्या ठोक्याशी स्वतः जुळवा, आजूबाजूला घासल्याच्या किंवा वेल्डिंगच्या खुणा आहेत का तेही बघा.

घाटमाथा_पुणे
सगळ्यांचे आभार. काका, एजंटला मूळ पॉलिसी मागितली. "एवढी जुनी कुठून आणू, मालकाकडेही नाही" असं उत्तर आलं. सर्व्हिस हिस्ट्री विचारली तर म्हणे बाहेरच्या गॅरेजला सर्व्हिसिंग व्हायचं.

गॅरेजवाले_काका
वॉरंटीतली गाडी बाहेरच्या गॅरेजला? बरं. कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये चेसिस नंबरवर सगळी जॉबकार्डं असतात, मालकाला सोबत घेऊन जा, प्रिंट मिळते. जुलै २०२१ नंतर नोंदी अचानक थांबल्या असतील तर समजून जा. डिसेंबरच्या पॉलिसीवर आधीच्या पॉलिसीचा नंबर आणि कंपनीचं नाव छापलंय का तेही बघा. असेल तर पहिल्या मालकाने मेल केला की क्लेमचं उत्तर मिळेल. एवढं करायला विक्रेता तयार नसेल तर एमएच १२ नाहीतर १४ ची, म्हणजे पुणे-पिंपरी पासिंगची, दुसरी गाडी शोधा, पुण्यात काय तोटा आहे!