मदत हवी आहे: २००९ च्या फ्लू साथीत तज्ज्ञ जे बोलले ते तपासायचं कसं?

निळीशाई

नमस्कार मंडळी,

पत्रकारितेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी लघुप्रबंध करते आहे. २००९ सालच्या एच१एन१ फ्लूच्या (म्हणजे आपला स्वाइन फ्लू) जागतिक साथीत विद्यापीठांतले तज्ज्ञ माध्यमांत काय बोलले, लसीबद्दल त्यांनी काय सल्ला दिला, असा विषय आहे. भर ब्रिटन आणि अमेरिकेवर. कात्रणं जमली आहेत, घोडं अडलंय ते वर्गवारीत. मार्गदर्शक म्हणतात, सरळ दोन रकाने कर: 'खरं ठरलं' आणि 'खोटं ठरलं'. तसं करायला बसलं की निम्मी विधानं दोन्हीकडे जातात, नाहीतर कुठेच बसत नाहीत. जिथे सगळ्यात जास्त अडते आहे ती ही तीन:

१) मे २००९. लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या गटाने मेक्सिकोच्या आकड्यांवरून मांडलं की लागण झालेल्यांपैकी साधारण ०.४ टक्के दगावत असावेत. पुढे इंग्लंडमधला हिशोब निघाला तो लाखात २६, म्हणजे ०.०२६ टक्के. पंधरा पट फरक! हे 'खोटं' का?

२) जुलै २००९. ब्रिटनमध्ये ६५,००० मृत्यू होऊ शकतात असे मथळे. शेवटी मोजले गेले ४५७.

३) ऑगस्ट २००९. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या विज्ञान सल्लागार मंडळाचा अहवाल. त्यात प्राध्यापक मंडळी बरीच. ३०,००० ते ९०,००० मृत्यूंची शक्यता. नंतरचा तिथल्या सीडीसीचा (सरकारी रोगनियंत्रण संस्थेचा) अंदाज सुमारे १२,५००.

तिन्ही 'खोटं' मध्ये टाकली तर प्रबंधाचा निष्कर्ष 'तज्ज्ञांनी घाबरवलं' असा आपोआप निघतो, आणि तो मला पटत नाही. पण पटत नाही एवढ्यावर तोंडी परीक्षेत निभाव लागणार नाही. साथरोगशास्त्र किंवा संख्याशास्त्र जाणणाऱ्यांनी कृपया मदत करावी. लसीच्या बाजूने काय तपासावं, तेही सांगा.

---

अडाणी_वाचक

सोप्पंय. ६५ हजार म्हणाले, साडेचारशे गेले. खोटं. पुढचा प्रश्न?

---

मोजपट्टी

अडाणीबुवा, थांबा जरा. त्या ६५,००० चा हिशोब मांडून बघा, म्हणजे तो आकडा काय जातीचा आहे ते कळेल. ब्रिटनची लोकसंख्या तेव्हा सहा कोटींच्या थोडी वर. त्यातले ३० टक्के आजारी पडले असं धरा, आणि त्यातले ०.३५ टक्के गेले असं धरा. उत्तर येतं ६४-६५ हजार. दोन्ही वेळा 'धरा' आहे. इस्पितळात किती खाटा, किती औषध, किती माणसं तयार ठेवायची हे ठरवायला काढलेली ती वरची मर्यादा होती. त्याच हिशोबाचं खालचं टोक १९,००० होतं, ते मथळ्यात कितीदा आलं हे निळीशाई, तुमच्या कात्रणांत मोजाच. आणि हा आकडा विद्यापीठातला नाही, सरकारच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी, सर लियम डोनाल्डसन यांनी, जाहीर केलेला आहे. तुमचा विषय विद्यापीठांतले तज्ज्ञ असेल तर तो मुळात बाजूला काढावा लागेल. त्यावर प्राध्यापकांनी जी टिप्पणी केली ती तेवढी ठेवा.

त्याहून महत्त्वाचं पुढे आहे. सप्टेंबरात हीच वरची मर्यादा १९,००० वर आणली गेली आणि ऑक्टोबरात १,००० वर. म्हणजे जसजशी माहिती येत गेली तसतसा आकडा खाली आला. मथळा मात्र जुलैतलाच लोकांच्या डोक्यात राहिला. माझ्या मते तुमचा खरा प्रबंध इथे आहे.

आता ०.४ टक्के. तेव्हाची परिस्थिती बघा. एप्रिलअखेर मेक्सिकोत प्रयोगशाळेत निश्चित झालेले रुग्ण थोडे, संशयित मृत्यू त्या मानाने बरेच. अशा वेळी मृत्यू दिसतात, सौम्य आजारी दिसत नाहीत. ते घरी झोपून बरे होतात. भागाकाराचा खालचा आकडाच हाती नसतो. इंपीरियलच्या गटाला हे माहीत होतं. म्हणून त्यांनी मेक्सिकोहून परतलेल्या प्रवाशांतल्या रुग्णांवरून उलटा हिशोब केला आणि म्हटलं की मेक्सिकोत सुमारे २३,००० जणांना लागण झाली असावी, पण ती ६,००० ते ३२,००० यांतली कितीही असू शकेल. एवढी रुंद रेंज देणारा माणूस 'मला नक्की माहीत नाही' हेच आकड्यांत सांगत असतो. त्याच लेखात एका रुग्णापासून सरासरी १.४ ते १.६ जणांना लागण होते असंही होतं, आणि ते नंतरच्या मोजमापांशी बऱ्यापैकी जुळलं. मग एकाच लेखातलं एक विधान 'खरं' आणि दुसरं 'खोटं' म्हणणार का? म्हणूच शकता, पण वाचणाऱ्याला त्यातून काही कळणार नाही.

---

निळीशाई

मोजपट्टी, खूप आभार. सौम्य रुग्ण हिशोबातून निसटतात हे लक्षात होतं, पण प्रवाशांवरून उलटा हिशोब केला होता हे माहीत नव्हतं. कात्रणांपैकी फार थोड्यांत रेंज छापलेली दिसते. बाकी सगळीकडे एकच आकडा.

मग रकाने 'खरं/खोटं' ऐवजी विधानाच्या प्रकाराचे करू का? अंदाज, तयारीसाठीची वरची मर्यादा, सल्ला, आणि नुसतं मत?

---

रानवारा

प्रकार करा, पण तारखेचा रकाना सगळ्यात आधी. मेमधला प्राध्यापक आणि ऑक्टोबरमधला प्राध्यापक, माणूस एकच असला तरी त्यांच्या हातातली माहिती वेगळी.

---

कोरापाट

तुमच्या तिसऱ्या उदाहरणावर लिहितो, कारण त्या अहवालावर अन्याय होतोय असं मला वाटतं.

ऑगस्टच्या त्या अहवालाचे सहअध्यक्ष एरिक लँडर आणि हॅरल्ड व्हार्मस. ३०,००० ते ९०,००० ही त्यांनी 'असं घडू शकतं' म्हणून मांडलेली शक्यता होती, भाकीत नव्हतं, आणि तसं त्यांनी लिहिलंही होतं. छापून आली ती तेवढीच ओळ. पण अहवालातला कामाचा मुद्दा दुसराच होता: साथीची लाट ऑक्टोबरच्या मध्याला शिखर गाठू शकते आणि लस लोकांपर्यंत पोहोचायलाही साधारण तेवढाच वेळ लागेल, तेव्हा निदान काही डोस लवकर भरून तयार करा. घडलं काय? अमेरिकेत लाटेचं शिखर ऑक्टोबरच्या उत्तरार्धात आलं. लसीचे पहिले डोस ऑक्टोबरच्या सुरुवातीला निघाले, तेही ठरल्यापेक्षा खूप कमी, कारण ही लस कोंबडीच्या अंड्यांत वाढवतात आणि या विषाणूचं उत्पादन सुरुवातीला अपेक्षेपेक्षा बरंच कमी निघालं. भरपूर लस आली तेव्हा लाट ओसरू लागली होती आणि लोकांचा उत्साहही.

म्हणजे ज्या अहवालाला तुम्ही 'खोटं' मध्ये टाकणार होता, त्याचा वेळेचा इशारा जवळजवळ तंतोतंत बरोबर निघाला. निकालावरून तज्ज्ञ मोजू नका.

आणि १२,५०० हा आकडाही जरा उलगडून बघा. हंगामी फ्लूत मरणारे बहुतेक वयस्कर असतात. २००९ मध्ये उलट झालं. साठीपुढच्या अनेकांच्या रक्तात १९५७ पूर्वी येऊन गेलेल्या एच१एन१ विषाणूंमुळे थोडीफार प्रतिकारशक्ती शिल्लक होती. फटका बसला तो मुलांना, तरुणांना, गरोदर स्त्रियांना. २०१२ मध्ये निघालेल्या जागतिक अंदाजात पहिल्या वर्षाचे मृत्यू दीड लाख ते पावणेसहा लाख धरले आहेत, आणि त्यातले सुमारे ८० टक्के ६५ च्या आतले. प्रयोगशाळेने शिक्कामोर्तब केलेले मृत्यू होते सुमारे १८,५००. तेव्हा 'साथ सौम्य होती' असं कुणी म्हणालं की कुणासाठी आणि कोणत्या मोजणीने, हे विचारा.

---

अडाणी_वाचक

हे बरंय. आकडा मोठा निघाला की 'शक्यता', छोटा निघाला की 'बघा बरोबर'. मग तज्ज्ञ चुकतो तरी कधी?

---

मोजपट्टी

प्रश्न रास्त आहे, टोमणा असला तरी. चुकतो ना. १९७६ घ्या. त्या फेब्रुवारीत एडविन किलबोर्न या अत्यंत नावाजलेल्या विषाणूतज्ज्ञाने न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून मांडलं की फ्लूच्या मोठ्या साथी साधारण अकरा वर्षांच्या अंतराने येतात आणि आता पाळी आली आहे. आधार होता मोजक्या साथींचा. त्याच सुमारास न्यू जर्सीतल्या फोर्ट डिक्स लष्करी तळावर डुकरांतल्या विषाणूसारखा विषाणू सापडला, एक सैनिक दगावला. मार्चमध्ये राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी सगळ्या देशाला टोचायची घोषणा केली तेव्हा पोलिओच्या लसी शोधणारे साल्क आणि सेबिन दोघेही शेजारी. विषाणू तळाबाहेर कधी पसरलाच नाही. चार कोटींहून जास्त लोकांना लस दिल्यावर गियाँ-बारेचे (मज्जातंतूंवर हल्ला होऊन हातापायांत लुळेपणा आणणारा आजार) रुग्ण वाढलेले दिसले, साधारण लाखात एक जास्तीचा, आणि डिसेंबरात मोहीम थांबवली.

इथे चूक काय? 'साथ येईल' म्हणणं ही माझ्या मते मोठी चूक नाही. लस बनवून ठेवणं आणि ती सगळ्यांना टोचणं हे दोन वेगळे निर्णय एकत्र बांधले आणि 'काय दिसलं तर आपण थांबू' हे आधी कुणी ठरवलं नाही, ती चूक. सेबिन पुढे उघडपणे म्हणू लागले की लस साठवून ठेवा, साथ दिसली तर वापरा. मत बदललेला तज्ज्ञ तुम्ही कोणत्या रकान्यात टाकाल?

निळीशाई, तुमच्या तक्त्यात हे दोन प्रश्न हवेतच: आपलं मत कशाने बदलेल हे तज्ज्ञाने सांगितलं होतं का, आणि माहिती आल्यावर ते बदललं का.

---

पानगळ

सगळे आकड्यांत रमलेत, हितसंबंधांबद्दल कुणीच बोलत नाही?

२००९ च्या ब्रिटिश वर्तमानपत्रांवर नेमका असा अभ्यास झालेला आहे. ४२५ बातम्या-लेख तपासले. उद्धृत केलेल्या प्राध्यापकांपैकी सुमारे ३० टक्क्यांचे औषध कंपन्यांशी संबंध निघाले. टॅमिफ्लूसारख्या फ्लूवरच्या औषधांची भलामण करणाऱ्यांत असे संबंध असण्याची शक्यता कितीतरी जास्त होती. आणि बातमीत त्या संबंधांचा उल्लेख? ४२५ पैकी फक्त तीन ठिकाणी. तुम्ही पत्रकारितेच्या आहात, तेव्हा हा तिसरा आकडा तुमच्या बिरादरीवर आहे.

जागतिक आरोग्य संघटनेनेही आपल्या आपत्कालीन समितीतल्या सदस्यांची नावं साथ संपल्याचं जाहीर होईपर्यंत, म्हणजे ऑगस्ट २०१० पर्यंत, उघड केली नव्हती. दबाव येऊ नये म्हणून, असं कारण दिलं गेलं. संशय मात्र त्यानेच वाढला.

---

कोरापाट

पानगळ, मुद्दा मान्य. फक्त एक: संबंध असणं म्हणजे विधान खोटं असणं नव्हे. लसींवर काम करणाऱ्या बहुतेकांचा कधी ना कधी कंपनीशी संबंध येतोच, चाचण्या तिथूनच होतात. रकाना 'संबंध होता का' एवढाच नको, 'वाचकाला सांगितला का' असाही हवा.

---

सुईदोरा

लसीबद्दल विचारलंत म्हणून. रोगप्रतिबंधाच्या क्षेत्रात काम केलंय, नाव-गाव नको.

तेव्हाच्या लसीविषयीच्या विधानांत दोन दावे गुंफलेले असतात, ते सुटे करा. पहिला, लस काम करेल का. सुरुवातीला बहुतेकांचा होरा होता की नवा विषाणू असल्याने प्रौढांनाही दोन डोस लागतील. सप्टेंबर २००९ मध्ये चाचण्यांचे निकाल आले आणि प्रौढांना एक डोस पुरतो असं दिसलं. हातात असलेली लस एका दिवसात दुप्पट लोकांना पुरेशी झाली! ही चांगली बातमी किती ठिकाणी ठळक आली ते बघा, मला उत्सुकता आहे. नंतर मिनेसोटा विद्यापीठातल्या मायकेल ऑस्टरहोम यांच्या गटाने २०११ मध्ये जुने अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा साथीच्या लसीची परिणामकारकता साधारण ६९ टक्के आली, नेहमीच्या हंगामी लसीची प्रौढांत ५९. म्हणजे चांगली, पण अनेकजण टीव्हीवर सांगत होते तितकी नव्हे.

दुसरा दावा सुरक्षिततेचा. इथे 'पूर्णपणे सुरक्षित' असं म्हणणारे आणि 'आतापर्यंतच्या माहितीनुसार' असं म्हणणारे वेगळे काढा. कारण ऑगस्ट २०१० मध्ये स्वीडन आणि फिनलंडमध्ये पँडेमरिक्स या साथीवरच्या लसीनंतर मुलांत नार्कोलेप्सीचे (दिवसा अचानक, अनावर झोप येण्याचा आजार) रुग्ण वाढल्याचं दिसलं. फिनलंडमध्ये लस घेतलेल्या ४ ते १९ वयोगटात साधारण १६,००० मागे एक. काही हजार लोकांच्या चाचणीत असा दुर्मीळ परिणाम दिसणं जवळजवळ अशक्यच. चाचणी निष्काळजीपणे झाली असा त्याचा अर्थ होत नाही. पण ज्याने 'काहीच होणार नाही' म्हटलं त्याने पुराव्यापेक्षा जास्त आश्वासन दिलं होतं. ज्याने 'फार दुर्मीळ परिणाम कोट्यवधी डोसांनंतरच दिसतात, म्हणून नोंद ठेवणं गरजेचं' असं म्हटलं, तो मला जास्त विश्वासार्ह वाटतो.

अवांतर: हे वाचून 'लस नकोच' असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी गरोदर स्त्रियांचे आकडे बघावेत. अमेरिकेच्या लोकसंख्येत त्या साधारण एक टक्का, एच१एन१च्या मृत्यूंत पाच टक्के.

---

निळीशाई

सगळ्यांचे मनापासून आभार. आज मार्गदर्शकांशी बोलले. 'खरं/खोटं' सोडायला ते तयार नाहीत, पण तो शेवटचा रकाना असेल आणि फक्त ज्यांना लागू पडतो अशा विधानांसाठी, एवढं मान्य झालं. त्याआधी: तारीख, विधानाचा प्रकार, रेंज दिली होती का, ती छापली गेली का, हितसंबंध वाचकाला सांगितले का, पुढे मत बदललं का. १९७६ एका प्रकरणापुरतं तुलनेला घेते आहे.

एक शंका राहिली. एकाच प्राध्यापकाचं एकच वाक्य वृत्तसंस्थेमार्फत वीस वर्तमानपत्रांत छापून आलं असेल तर ते एक मोजायचं की वीस?

---

मोजपट्टी

दोन्ही. तज्ज्ञ काय बोलले यासाठी एक, लोकांनी काय वाचलं यासाठी वीस. दोन तक्ते वेगळे ठेवा आणि टक्केवारी देताना खालचा आकडा कोणता ते प्रत्येक वेळी लिहा, नाहीतर मेक्सिकोसारखंच होईल.

---

अडाणी_वाचक

मी आपला 'सोप्पंय' म्हणून बाजूला होतो. प्रबंध झाला की इथे टाका, वाचेन.