चर्चा: एम्बेडेड बिल्डमधील (उपकरणात बसवायच्या सॉफ्टवेअरच्या बांधणीतील) प्रत्येक ऐच्छिक सुविधेला वेगळा स्विच हवा का?

धागाकर्ता:
गेल्या वर्षी आम्ही बसवलेल्या पाणीमीटरच्या ४० गेटवेंपैकी एकानेही सर्व्हरला नोंद पाठवली नाही. प्रयोगशाळेत तीच आवृत्ती महिनाभर बिनचूक चालली होती. शोध घेतल्यावर बिल्ड सर्व्हरच्या लॉगमध्ये, हजारो ओळींच्या गर्दीत, 'चेकिंग फॉर लिबकर्ल... नो' ही एक ओळ सापडली; लिबकर्ल म्हणजे नेटवर्कवरून माहिती पाठवणारी लायब्ररी. आमच्याच प्रोग्रामची कॉन्फिगर स्क्रिप्ट (बांधणीआधी काय उपलब्ध आहे ते तपासणारी) लिबकर्ल दिसली तर नोंदी पाठवण्याची सुविधा जोडत होती आणि दिसली नाही तर ती मुकाट्याने वगळत होती. जुन्या एका प्रयोगातली लिबकर्ल माझ्या यंत्रावरील बिल्डरूट या उपकरणांचे सॉफ्टवेअर बांधणाऱ्या साधनाच्या स्टेजिंग फोल्डरात (बांधलेल्या लायब्ररी ठेवण्याच्या जागी) पडून होती. बिल्ड सर्व्हरवर प्रत्येक वेळी कोरी सुरुवात होत असल्याने ती तिथे नव्हती. कॉन्फिगरेशनची फाइल दोन्हीकडे अक्षरशः एकच होती.

म्हणून माझे ठाम मत असे की, सुविधा चालू की बंद हे स्क्रिप्टने आजूबाजूला काय सापडते ते पाहून ठरवू नये. उत्पादन बनवणाऱ्याने ते लिहून ठेवावे आणि त्यासाठी प्रत्येक ऐच्छिक सुविधेला बिल्ड साधनाच्या निवडींच्या मेनूत चालू-बंदचा स्विच द्यावा. योक्टो या बिल्डरूटसारख्याच साधनाच्या पॅकेजकॉन्फिगमध्ये चालू करण्याचा पर्याय, बंद करण्याचा पर्याय आणि त्यासाठी लागणारी लायब्ररी हे सारे एका ओळीत लिहिता येते.

प्रतिसाद १:
आपल्या अनुभवाशी सहमत, निष्कर्षाशी असहमत. आपला घात स्विच नसल्यामुळे झाला नाही, पॅकेजच्या मेकफाइलमध्ये (ते कसे बांधायचे हे सांगणाऱ्या फाइलमध्ये) 'नको' असे स्पष्ट न लिहिल्यामुळे आणि लायब्ररीवरचे अवलंबित्व न नोंदवल्यामुळे झाला. बिल्डरूटची रूढ पद्धत नेमकी हीच आहे: लायब्ररी निवडली असेल तर सुविधा चालू, नसेल तर ती बंद करणारा पर्याय कॉन्फिगर स्क्रिप्टला उघडपणे द्यायचा. मेनूत एकही नवी ओळ लागत नाही.

वीस स्विच म्हणजे चालू-बंदच्या १०,४८,५७६ जोडण्या. त्यांतल्या चार-पाचच कोणी तरी तपासलेल्या असतात. मी एकदा एका पॅकेजमधील आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) बंद केले, तर ते कम्पाइलच होईना, कारण इफडेफच्या (सुविधा चालू की बंद यावरून कोड निवडणाऱ्या अटीच्या) 'एल्स' बाजूला असलेल्या फंक्शनचे नाव बाकी सगळीकडे केव्हाच बदललेले होते. स्विच दाखवणे म्हणजे तो चालतो असे वचन देणे होय, आणि हे वचन पाळायला आपल्याकडे माणसे नाहीत.

प्रतिसाद २:
मी लहान राउटरांवर काम करतो आणि प्रतिसाद १ मधील पद्धत तिथे अपुरी पडते. एमक्यूटीटी या संदेश पाठवण्याच्या पद्धतीसाठी ओपनएसएसएल ही सुरक्षित जोडणीची लायब्ररी निवडली की त्याच नियमाने इतर पॅकेजेही ते ओळखून जोडून घेतात, आणि ज्यांना टीएलएसची (सांकेतिक, सुरक्षित जोडणीची) गरजच नव्हती तीही फुगतात. ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅमचे राउटर ओपनडब्ल्यूआरटी या राउटरांसाठीच्या लिनक्स प्रणालीला अखेर सोडावे लागले, त्यामुळे जागेची काटकसर ही काल्पनिक अडचण नव्हे. त्याच ओपनडब्ल्यूआरटीमध्ये डीएनएसमास्क (नावांवरून इंटरनेट पत्ते शोधून देणारा प्रोग्राम) साध्या आणि 'फुल' अशा वेगवेगळ्या रूपांत मिळते; डीएनएसएसईसी (त्या पत्त्यांचा खरेपणा तपासण्याची सुविधा) चालू केले की नेटल आणि जीएमपी या लायब्ररी मागोमाग येतात, म्हणून ते साध्या रूपात ठेवलेले नाही.

सुरक्षेचा मुद्दा मला याहून मोठा वाटतो. २०१४ मध्ये उघड झालेला हार्टब्लीड हा दोष ओपनएसएसएलमधील टीएलएसच्या हार्टबीट (जोडणी जिवंत आहे का ते तपासणाऱ्या) या ऐच्छिक सुविधेत होता, जी बहुतेकांनी कधी वापरलीही नव्हती. ज्यांना लगेच नवी आवृत्ती घेता येत नव्हती त्यांना हार्टबीट वगळून पुन्हा कम्पाइल करण्याचा सल्ला ओपनएसएसएलने दिला होता. तो स्विच होता म्हणूनच हा मार्ग मोकळा होता.

प्रतिसाद १:
हार्टब्लीडचे उदाहरण मी उलट बाजूनेही वाचतो. तो स्विच दोष उघड होण्याआधीही उपलब्ध होता, तरी हार्टबीट मुळातच चालू असल्याने फारसा कोणाचा हात तिकडे गेला नाही. म्हणजे वाद स्विचच्या संख्येचा कमी आणि काहीही न निवडल्यास काय होते याचा जास्त आहे. शंभर ओळींचा मेनू वाचून कोणी निर्णय घेत नाही. जे आधीच ठरलेले असते तेच उत्पादनात जाते.

धागाकर्ता:
हे मान्य करतो, आणि 'प्रत्येक सुविधेला' हा शब्दप्रयोग मागे घेतो. जी सुविधा नवी लायब्ररी ओढून आणते, नेटवर्कवर पोर्ट उघडते किंवा इमेजच्या (उपकरणात भरायच्या तयार सॉफ्टवेअरच्या) आकारात मोजण्याइतकी भर घालते, तिलाच मेनूत जागा द्यावी आणि ती मुळात बंद असावी. उरलेल्यांचा निर्णय मेकफाइलमध्ये स्पष्ट लिहावा. मात्र एका बाबतीत मी मागे हटणार नाही: सुविधा मागितली आणि लायब्ररी सापडली नाही, तर बिल्ड तिथेच थांबला पाहिजे. आमच्या स्क्रिप्टमध्ये त्या जागी आता एररचा संदेश आहे. बिल्ड सर्व्हर रोज रात्री सगळे चालू, सगळे बंद आणि प्रत्यक्ष उत्पादनाचे अशी तीन कॉन्फिगरेशन कोऱ्या फोल्डरातून बांधतो.

प्रतिसाद २:
तीन पुरेशी नाहीत. सगळे चालू असताना एक सुविधा दुसरीची हेडर फाइल (फंक्शनांची ओळख देणारी) नकळत पुरवते आणि चूक झाकली जाते. लिनक्स कर्नलच्या रँडकॉन्फिगसारखे रोज एक यादृच्छिक कॉन्फिगरेशन त्यात घाला. प्रतिसाद १ मधली आयपीव्ही६ची चूक अशाच बिल्डमध्ये हाती लागली असती.

प्रतिसाद १:
रोज एक यादृच्छिक बिल्ड होणार असेल तर माझा निम्मा विरोध मावळतो. उरलेला निम्मा एवढाच, की त्यात एखादा स्विच सलग मोडलेला आढळला आणि दुरुस्त करणारा कोणी पुढे आला नाही, तर तो मेनूतून काढून टाकण्याचा अधिकार पॅकेज सांभाळणाऱ्याला असावा.