मदत हवी आहे: ‘ख्रिस्तपुराणा’तले पाठभेद

१५७९ साली गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांच्या शिकवणुकीवर टिपण लिहितेय. अडलंय ते शब्दांपाशी. बायबलची कथा मराठी ओव्यांत सांगणारं त्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ला गोव्यातल्या राचोलला छापलं गेलं ते रोमन लिपीत, पण त्याची एकही प्रत उरलेली नाही. १९०७ची मंगळूर आवृत्ती (तीही रोमनच) आणि १९५६ची शांताराम बांदेलूंनी संपादित केलेली देवनागरी आवृत्ती पाहून झाली. मंगळूर पाठात पोर्तुगीज शब्द बरेच. लंडनला ठेवलेल्या, ‘मार्सडेन’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या याच ग्रंथाच्या हस्तलिखितात, म्हणे, त्याजागी संस्कृत शब्द आहेत. लंडनला जाणं शक्य नाही, आणि पोर्तुगीज मला येत नाही. सगळं पुराण नको, त्याच्या ‘दुसरे पुराण’ या उत्तरार्धातला येशूच्या उपदेशाचा भाग पुरे. दोन्ही पाठ ओवीगणिक शेजारीशेजारी ताडून पाहिलेलं काम मराठीत किंवा इंग्रजीत कुठे मिळेल?