थंडी पडली, सापळे रिकामे झाले. गुलाबी बोंडअळी गेली का?

शेतशिवार_दारव्हा (प्रश्न)

राम राम मंडळी. जमीन मध्यम काळी, कपाशीचा बीजी-२ (बोंडअळीविरोधी विष असलेला बीटी) संकरित वाण, लागवड २० जूनची, विहीर आणि ठिबक आहे. तीन एकरांत सहा कामगंध सापळे (मादीच्या गंधानं नर पतंग ओढणारे) लावलेत. एका सापळ्यात एका रात्री सरासरी किती पतंग आले, त्याच्या नोंदी:

८ ते १४ नोव्हेंबर, किमान तापमान १७-१८ अंश: ९ ते १२ पतंग
१८ ते २४ नोव्हेंबर, आभाळ निरभ्र, किमान १०-११: आधी २, मग १, मग शून्य
२६ ते ३० नोव्हेंबर, ढगाळ, किमान १८-१९: ६ ते ७
२ डिसेंबरपासून किमान ९: शून्य किंवा एक

दोन वेचण्या झाल्या, तिसरी आठवडाभरात होईल. वरच्या फांद्यांवर झाडामागे १२-१५ हिरवी बोंडं आहेत. विचारायचं असं की थंडीनं पतंग मेले असं समजायचं का? तसं असेल तर दोन पाणी देऊन फेब्रुवारीपर्यंत फरदड (वेचणी झालेलं पीक तसंच पुढं चालू ठेवणं) ठेवायचा विचार आहे. सोबत एखादी फवारणी लागेल का? आणि पानांच्या खालून पांढरी भुकटी दिसते, ती कशाची?

रातपाखरू

भाऊ, नोंदी चांगल्या ठेवल्यात, म्हणून उत्तर देता येतं.

सापळ्यात येतो तो फक्त नर, आणि तोही त्या रात्री उडाला तरच. या पतंगाचं मिलन मध्यरात्रीनंतर ते पहाटेपर्यंत चालतं. पारा सर्वात खाली जातो तोही पहाटेच. १७-१८ अंशांत नर मोकळा उडतो, ९-१० अंशांत पानाखाली बसून राहतो. त्यात थंडीत ल्यूरमधून (सापळ्यातली गंधाची वडी) गंधही कमी सुटतो. तुमच्याच नोंदीत २६ तारखेला ढग आले, रात्र उबदार झाली आणि आकडा परत ६-७ वर गेला. मेलेले पतंग दोन दिवसांत परत येत नाहीत.

वाढीचा हिशेबही करून पाहा. ही कीड साधारण १३ अंशांच्या खाली वाढत नाही. कमाल आणि किमान यांची सरासरी काढा, त्यातून १३ वजा करा, राहील ती त्या दिवसाची वाढ. ३० आणि १८ असेल तर सरासरी २४, वाढ ११. कमाल २७, किमान ९ असेल तर सरासरी १८, वाढ ५. म्हणजे ऑक्टोबरात जी अळी दोन आठवड्यांत पोसली जाते, तिला आता महिना लागेल. ती हळू वाढते, थांबत नाही. आपल्याकडच्या ८-१० अंशांनी अळी मरत नाही. ती शरीरातच गोठावी, तर पारा शून्याच्या बराच खाली जावा लागतो.

शून्य आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी सापळा तपासून घ्या. ल्यूर किती दिवसांची आहे? बहुतेक ल्यूर तीन ते चार आठवडेच चालतात, पाकिटावर मुदत लिहिलेली असते. नरसाळे सापळ्याच्या पिशवीची खालची गाठ सुटलेली असते, हे तर नेहमीचंच. पीक वाढलं पण सापळा तिथंच राहिला, असंही होतं. तो शेंड्याच्या फूट-दीड फूट वर असायला हवा. आणि ल्यूर गुलाबी बोंडअळीची, म्हणजे गोसिप्ल्यूरच आहे ना? घाटेअळीची हेलिल्यूर लावून 'बोंडअळी नाही' म्हणणारे दरवर्षी भेटतात.

एक कडू गोष्ट. सलग तीन रात्री सापळ्यामागे ८ पतंग ही उपायाची पातळी. तुमची ती ८ नोव्हेंबरच्या आठवड्यातच ओलांडली होती. त्या पतंगांची अंडी आज अळ्या होऊन बोंडात बसलेली आहेत.

पांढरी भुकटी म्हणजे दहिया. ही बुरशी आहे, ढगाळ हवा आणि दव मिळालं की येते. आता पीक संपत आलंय, तिच्यावर खर्च करू नका.

जोडसरकी

वरचं सगळं बरोबर. पण खरी मेख पुढं आहे.

या किडीच्या अळ्या दोन प्रकारे वागतात. ऑगस्ट ते ऑक्टोबरची अळी पोसली की बोंडाला दीड-दोन मिलिमीटरचं गोल भोक पाडते, खाली पडते आणि पालापाचोळ्यात किंवा वरच्या मातीत कोष करते. आठ-दहा दिवसांत पतंग. नोव्हेंबरपासून यातल्या काही अळ्या बाहेर पडतच नाहीत. सरकी पोखरून आत बसतात, रेशमाचा घट्ट गोल कोश विणतात आणि कोषावस्थेत न जाता अळी म्हणूनच झोपतात. ही सुप्तावस्था. शरीराचा खर्च अगदी कमी, अन्न नको, पाणी नको. चार-सहा महिने सहज निघतात, काही अळ्या त्याहून जास्त तग धरतात.

झोपायची वर्दी नुसती थंडी देत नाही, दिवसाची लांबी देते. आपल्या भागात जूनमध्ये दिवस १३ तासांच्या थोडा वर असतो, नोव्हेंबरच्या सुरुवातीला साडेअकराच्या आत येतो आणि २१ डिसेंबरला ११ तासांच्याही आत. त्यात रात्री गार आणि खायला तेल भरलेली पक्की सरकी, असं तिन्ही जमलं की अळी झोपते. मध्य भारतात सगळ्याच अळ्या झोपत नाहीत. काही झोपतात, काही हिरवी बोंडं मिळत राहिली तर पिढ्या चालूच ठेवतात. फरदड म्हणजे या दोघींचीही सोय: जागीला ताजं बोंड, झोपणारीला पक्की सरकी.

आता सापळा बाजूला ठेवा आणि बोंडं फोडा. शेताच्या चार कोपऱ्यांतून आणि मधून अशी २० बोंडं घ्या. अंगठ्यानं दाबल्यावर किंचित दबतात अशी, दोन-तीन आठवड्यांची हिरवी बोंडं हवीत. अगदी कोवळी नकोत, फुटायला आलेलीही नकोत. बाहेरून बोंड निरोगी दिसेल, कारण बारीक अळी आत शिरली की भोक बुजून जातं. दगडानं ठेचू नका. चाकूनं शिवणीवर चीर द्या आणि कप्पे वेगळे करा. सालीच्या आतल्या अंगाला बारीक फोड किंवा नागमोडी रेघ दिसली तर अळी शिरली होती असं समजा, जरी ती हाती लागली नाही तरी. मग सरकी पाहा. पांढरट, काळ्या डोक्याची बारीक अळी म्हणजे नवी. गुलाबी आडवे पट्टे असलेली, सेंटिमीटरभर लांब आणि चपळ असेल तर ती बाहेर पडायच्या बेतात आहे. आधीच्या वेचणीच्या कापसातली सरकीही चाळा. दोन सरक्या धाग्यानं एकमेकींना चिकटलेल्या, आतून पोकळ आणि मध्ये आखडून बसलेली अळी, ही जोडसरकी. तीच पुढच्या हंगामाचं बी.

आकडा टाका, मग बोलू.

विहीरवाला

पाणी आहे, झाडावर १५ बोंडं आहेत, ती अशीच सोडून द्यायची? एकरी दीड-दोन क्विंटल फरदड निघते. पायरेथ्रॉइड गटातल्या कीटकनाशकाची एक फवारणी मारली की पतंग बसतो. लोक वर्षानुवर्षं हेच करतात.

काळी_रेगूर

विहीरवाले भाऊ, करतात हे खरं, आणि गुलाबी अळी आपल्याकडे ठाण मांडून बसली त्याचं मोठं कारणही हेच.

फवारणीचं आधी. अंडी पात्यांच्या (कळ्यांच्या), फुलांच्या आडोशाला आणि बोंडाच्या देठाजवळच्या पाकळ्यांखाली असतात. अळी निघाली की थोड्याच वेळात आत शिरते. एकदा आत गेली की बाहेरचं औषध तिच्यापर्यंत जात नाही. डिसेंबरात पायरेथ्रॉइड मारलं तर मित्रकीटक जातात आणि पांढरी माशी वाढते. तिच्या चिकट्यावर काळी बुरशी येते आणि वेचायचा कापूसच काळवंडतो. शिवाय खांद्यापर्यंत वाढलेल्या पऱ्हाटीत (कपाशीच्या झाडांत) शिरून फवारणं म्हणजे औषध स्वतःवरच घेणं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं काय झालं ते इथं सगळ्यांना माहीत आहे.

बीटीच्या भरवशाचंही तसंच. बीजी-२ २००६ मध्ये आलं, त्यात दोन विषं. पण आपले वाण संकरित, त्यामुळे एकाच बोंडात काही सरक्यांत दोन्ही विषं, काहींत एकच, काहींत एकही नाही. अळी सरकी बदलत खाते, अर्धवट डोस पचवते आणि जी पचवते तिचीच पिल्लावळ पुढं जाते. पीक मार्चपर्यंत उभं ठेवलं की ही निवड आणखी दोन-तीन पिढ्या चालते. २०१७ मध्ये ज्या अळीनं बोंडं फुटू दिली नाहीत, ती अशीच तयार झाली होती.

दीड-दोन क्विंटलात कवडी (किडका, न फुललेला कापूस) किती ते सांगा. अळीचं बोंड नीट फुटत नाही, कप्पा चिकटलेला राहतो, वेचणाऱ्या बाईला दुप्पट वेळ लागतो आणि व्यापारी भाव पाडतो. वेचणी, दोन पाणी, खत हे वजा केलं की हातात काय राहतं हे कागदावर लिहून बघाच. तेच पाणी जानेवारीच्या मध्यापासून उन्हाळी भुईमुगाला किंवा जानेवारीअखेर तिळाला देता येतं.

अमेरिकेनं २०१८ मध्ये गुलाबी बोंडअळी आपल्या कापूस पट्ट्यातून हद्दपार झाल्याचं जाहीर केलं. तिथं बीटी होतं, वांझ पतंग सोडले होते, गंधानं मिलन रोखलं होतं, आणि या सगळ्यासोबत ठरलेल्या तारखेच्या आत पऱ्हाटी गाडायचा दंडकही होता. आपल्याकडे पहिल्या तीन गोष्टींची चर्चा फार, चौथीची कमी.

शेतशिवार_दारव्हा

बोंडं फोडली. २० पैकी ७ किडलेली. ९ अळ्या सापडल्या. ४ बारीक, २ गुलाबी आणि चालत्या, ३ कोशात आखडलेल्या. जोडसरकी दुसऱ्या वेचणीच्या कापसातही मिळाली. ल्यूर ३५ दिवसांची निघाली, तीही चूकच.

फरदड रद्द. आता पऱ्हाटीचं नेमकं काय, कोणत्या क्रमानं करू?

जोडसरकी

७ म्हणजे ३५ टक्के. पातळी १० टक्क्यांची असते, त्यामुळे निर्णय बरोबर.

आजपासून ठिबक बंद. झाडाला ओढ बसली की वरची नवी पाती-फुलं गळतील आणि पक्की बोंडं लवकर फुटतील. तिसरी वेचणी एकदाच, स्वच्छ करा. चांगला कापूस एका ओटीत, कवडी आणि किडकी बोंडं वेगळ्या पोत्यात. पोत्याचं तोंड बांधा आणि त्याच आठवड्यात जाळा. पोतं गोठ्यात ठेवलं तर सगळं केलेलं वाया.

वेचणी झाली की शेळ्या-मेंढ्या बसवा. धनगरांचे कळप याच वेळी या भागात असतात. हिरवी बोंडं, पाती, पाला सगळं खातात आणि अळीसकट खातात. शेवटची फवारणी कधी, कशाची ते मात्र आधी कळपवाल्याला सांगा. महिन्याच्या आत फवारलं असेल तर चरू देऊ नका.

मग श्रेडर (पऱ्हाटीचे तुकडे करणारं यंत्र). मुळासकट उपटून बांधावर रचायचा मोह टाळा. उभ्या किंवा बांधावर टांगल्या कोरड्या बोंडात अळी सर्वात जास्त जगते. वारा लागतो, ओल लागत नाही, पाखरांशिवाय शत्रू नाही. श्रेडरनं बारीक तुकडे झाले की बोंडं फुटतात आणि बऱ्याच अळ्या तिथंच चिरडतात. त्यावर ६-८ इंच खोल नांगरट. गाडलेल्या तुकड्यांवर थोडी ओल असेल तर उत्तमच. ओल्या मातीत झोपलेली अळी बुरशीनं आणि कुजून मरते. नुसता रोटाव्हेटर फिरवला तर तुकडे वरच्या तीन-चार इंचांतच राहतात. धसकटं राहू देऊ नका, फेब्रुवारीत त्यांनाच पालवी फुटते आणि पाती लागतात.

हे सगळं डिसेंबर संपायच्या आत. पुढं पाच-सहा महिने त्या शेतात आणि शेजारी हिरवं कापसाचं झाड नको. झोपलेल्या अळ्यांचे पतंग मार्चपासून थोडे थोडे निघत राहतात, उष्मा आणि पहिल्या सरींनंतर जास्त. पतंग जगतो आठवडा-दोन आठवडे. जूनच्या मध्यानंतर, पाऊस बघून लावलेल्या कपाशीला पाती धरायला चाळीसेक दिवस, म्हणजे जुलैअखेर. तोवर निघालेले पतंग अंडी घालायला जागा नसल्यानं तसेच मरतात. मे महिन्यात ठिबकावर लावलेली एकच शेजाऱ्याची कपाशी हे गणित मोडते.

रातपाखरू

एक पुरवणी. भाव वाढेल म्हणून कापूस घरात मार्च-एप्रिलपर्यंत ठेवणार असाल तर अळ्याही घरातच आहेत हे लक्षात घ्या. त्या खोलीत आणि अंगणात दोन सापळे लावा, ताज्या ल्यूरसह. जिनिंगच्या आवारातही पतंगांचा असाच साठा असतो. सरकी ढेपेला किंवा गुरांना ठेवायची असेल तर एप्रिलच्या उन्हात, तापलेल्या फरशीवर एका सरकीच्या जाडीचा थर पसरून दोन-तीन दुपारी उलटसुलट करा. ढीग करून नुसतं ऊन दाखवलं तर वरचा थर तापतो, आतली अळी मजेत राहते.

शेजारी तूर असेल तर तिथं वेगळा पहारा हवा. घाटेअळी मातीत कोष करते, तिचे पतंगही गार रात्री कमी उडतात, ढग आले की पुन्हा सापळ्यात दिसतात. तिथं एचएएनपीव्ही (घाटेअळीला मारणारा विषाणू) वापरणार असाल तर संध्याकाळी, हेक्टरी २५० एलई (विषाणूच्या मात्रेचं माप), अळ्या बारीक असतानाच. थंडीत अळी कमी खाते म्हणून विषाणूलाही जास्त दिवस लागतात. तिसऱ्या दिवशी 'काम केलं नाही' म्हणून दुसरं औषध मारू नका.

शेतशिवार_दारव्हा

श्रेडर गावात एकच आहे, २२ तारखेचा नंबर मिळाला. घरी चुलीसाठी एक गाडी पऱ्हाटी हवी आहे. ती ठेवली तर चालेल?

काळी_रेगूर

चालेल, पण बोंड एकही नको. उपटल्याबरोबर शेतातच झोडून घ्या, खाली पडलेली बोंडं आणि पाला तिथंच गोळा करून जाळा, मग काडी घरी न्या. रचताना शेताच्या बाजूला नको. आणि मे लागायच्या आत संपवा. उरलीच तर पावसाळ्याच्या सरपणात टाकायची नाही, एप्रिलअखेर पेटवून द्यायची.