मेमरी एरर आली की वर्क_मेम वाढवा? अजिबात नाही

रात्रपाळी
काल इथे कुणीतरी लिहिलंय, "पोस्टग्रेसची क्वेरी आऊट ऑफ मेमरी देत असेल तर वर्क_मेम १ जीबी करा, विषय संपला." खाली धन्यवादांची रांग. डोकं फिरलं वाचून. अहो, वर्क_मेम म्हणजे पोस्टग्रेस डेटाबेसमधली मेमरीची मर्यादा; ती अख्ख्या सर्व्हरला नसते, क्वेरीलाही नसते. क्वेरीतल्या एकेका सॉर्टला (ओळी क्रमाने लावणं), एकेका हॅशला (जुळणी-गटवारीसाठीचं तात्पुरतं टेबल) असते. एकच क्वेरी वाटून घेणारे पॅरलल वर्कर आले की प्रत्येकाची वेगळी. मूळ आकडा ४ एमबी आहे तो उगाच नाही. आमच्या ३२ जीबीच्या मशीनवर एकाने २५६ एमबी केलं. महिनाअखेरीला २०० कनेक्शन, क्वेरीत चार-चार सॉर्ट. करा हिशोब, २०० जीबी होतात! मेमरी संपल्यावर लिनक्सने एक प्रोसेस मारली, आणि एक अशी मेली की पोस्टग्रेस सगळ्यांनाच तोडून रिकव्हरीत जातं. रात्री अडीचला लॉगमध्ये 'सिग्नल ९' (प्रोसेस जबरदस्तीने मारल्याची खूण) वाचत बसलो होतो.

कोरा कागद
तो सल्ला माझा. क्वेरी कशी चालली याचा प्लॅन दाखवणाऱ्या एक्स्प्लेन ॲनालाइझमध्ये 'एक्स्टर्नल मर्ज', म्हणजे सॉर्ट डिस्कवर गेलेला, दिसत होतं. वाढवल्यावर ४० मिनिटांचा रिपोर्ट ३ मिनिटांत आला. हे खोटं का?

रात्रपाळी
खोटं नाही, पण ते औषध संथपणावरचं. सॉर्ट डिस्कवर जातोय म्हणजे मेमरी वाचतेय!

सारंगी
सर्व्हरच कशाला धरून बसलात? आमचा डेटाबेस ठणठणीत होता, मेलं ते जावा. जावाला डेटाबेसशी जोडणारं जेडीबीसी सगळ्या ओळी एकदम हीपमध्ये, म्हणजे जावाच्या मेमरीत, ओढतं. फेचसाइज (एका वेळी किती ओळी आणायच्या) द्या आणि ऑटोकमिट (प्रत्येक क्वेरी आपोआप पक्की करणं) बंद करा, नाहीतर फेचसाइज लागूच होत नाही. पण ओआरएमवाल्यांना (कोडमधून आपोआप क्वेरी बनवून घेणाऱ्यांना) एसक्यूएल लिहायला नको. ९० लाख ओळी आणल्या होत्या, कशासाठी? मोजायला!

कोरा कागद
ओआरएमवर घसरायचं काय कारण? साधा इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) मागितला तर तुमचे डेटाबेस सांभाळणारे डीबीए तीन आठवडे तिकीट दाबून ठेवतात. आम्ही काय करायचं?

सारंगी
कारण तुमचे आधीचे अकरा इंडेक्स कुणी वापरत नाही आणि प्रत्येक इन्सर्टला, नवी ओळ घालताना, त्यांचा भार आम्ही सोसतो. क्वेरी दाखवा, मग मागा.

कोरा कागद
दाखवली होती. प्लॅनसकट. उत्तर आलं नाही.

जुना जाणता
भांडा नंतर. व्हर्जन कुठलं? पोस्टग्रेस १३ च्या आधी हॅश ॲग्रीगेट (हॅशने केलेली गटवारी) डिस्कवर जातच नव्हतं. किती गट होतील याचा अंदाज चुकला की मर्यादा ओलांडून वाढत राहायचं. आम्ही अपग्रेड होईपर्यंत दर रात्री ॲनालाइझ (अंदाजासाठीची आकडेवारी ताजी करणारी आज्ञा) चालवून दिवस काढले.

रात्रपाळी
हे बरोबर. आणि त्या एका रिपोर्टलाच जास्त हवं असेल तर ट्रान्झॅक्शनमध्ये सेट लोकल करा, म्हणजे वर्क_मेम तेवढ्यापुरतंच वाढतं. बाकीच्यांना झळ नाही.

कोरा कागद
सेट लोकल मान्य. पोस्ट बदलतो. इंडेक्सबद्दल बोललो त्यातला शब्द मागे घेणार नाही.