ऑनलाइन मेमरी टेस्टवरून डिमेन्शियाचा धोका खरंच कळतो का?

शलाका_क:
आईचं वय ६८, हल्ली तेच तेच परत विचारते. भावाने नेटवर एक फ्री मेमरी टेस्ट शोधून तिला मोबाईलवर करायला लावली, स्कोर कमी आला आणि खाली लाल अक्षरात "हाय रिस्क". तेव्हापासून ती खूप घाबरलीय, झोपत नाही नीट. अशा टेस्टवर किती विश्वास ठेवायचा?

निरंजन७१:
आधी आईंना सांगा की हे निदान नाहीये. अशी टेस्ट फार तर एवढंच सांगते की पुढे तपासायला हवं. त्यांना टचस्क्रीनची सवय आहे का, चष्मा लावला होता का, टेस्ट मराठीत होती की इंग्लिशमध्ये? रिॲक्शन टाइम मोजणाऱ्या टेस्टमध्ये बोट अडखळलं तरी मार्क जातात. डॉक्टर मोका नावाची टेस्ट घेतात, ३० पैकी २६ किंवा जास्त आले तर नॉर्मल धरतात, पण त्यातही शिक्षण १२ वर्षं किंवा कमी असेल तर १ मार्क वाढवून देतात. शिक्षणाने स्कोर बदलतो हे त्यांनीच मान्य केलंय ना. तुमच्या साइटने शिक्षण विचारलं तरी होतं का?

मृदुला_प:
थोडं वेगळं मत. ऑनलाइन टेस्ट अगदीच फालतू नसतात, ब्रिटनमध्ये प्रोटेक्ट नावाचा मोठा अभ्यास चालू आहे त्यात चाळिशीपुढचे लोक दरवर्षी घरूनच अशा टेस्ट देतात. पण तिथे बघतात ते माणूस स्वतःच्याच आधीच्या स्कोरपेक्षा खाली येतोय का, एकदाच दिलेल्या टेस्टवरून काही ठरत नाही. आणि रोज रोज करून घेऊ नका हां, सरावाने स्कोर वाढतो आणि मग खरी घसरण लपते.

डॉ_सावनी:
स्कोर बाजूला ठेवा, परत परत विचारणं हे लक्षण मात्र सोडू नका. फिजिशियनकडे जा. बी१२, थायरॉइड तपासून घ्या, झोपेच्या किंवा ॲलर्जीच्या गोळ्या चालू असतील तर नावं सांगा, डिप्रेशनबद्दल बोला आणि कानही तपासा. यातल्या कशानेही विसरभोळेपणा येतो आणि बऱ्याच वेळा उपचाराने सुधारतो. ऐकू कमी येणं हा तर डिमेन्शियाचाही रिस्क फॅक्टर आहे. लॅन्सेट या मेडिकल जर्नलने नेमलेल्या तज्ज्ञांच्या कमिशनच्या २०२४ च्या रिपोर्टमध्ये बदलता येतील असे १४ फॅक्टर दिलेत, बीपी, शुगर, एकटेपणा वगैरे, आणि त्यांच्यावर काम केलं तर साधारण ४५ टक्के केसेस टळू किंवा लांबू शकतात असा त्यांचा अंदाज आहे.

शलाका_क:
थँक्यू सगळ्यांना, खूप धीर आला. टेस्ट इंग्लिशमध्येच होती, शिक्षण विचारलंच नाही. कानाचं तर डोक्यातच आलं नव्हतं, टीव्ही मोठ्याने लावते ती. डॉक्टरांना नेमकं काय सांगायचं?

डॉ_सावनी:
कधीपासून, आणि रोजच्या कामात काय बदललं ते. पैशांचा हिशोब, गोळ्यांच्या वेळा, नेहमीचा रस्ता, गॅस बंद करणं. तारखेसकट लिहून न्या. आणि ही यादी आईंसमोर वाचू नका, डॉक्टरांच्या हातात द्या.

निरंजन७१:
अजून एक, त्या साइटवर ईमेल, जन्मतारीख दिली असेल तर आता मेमरीच्या गोळ्यांच्या जाहिराती येतील, आईंच्या फोनवर बघून घ्या. घाबरलेलं माणूस पटकन ऑर्डर करतं.